कागदावर नसलेला ‘नाही’

संपादक महाशय,

आपल्या मासिकातलं हे अनुभवांचं सदर मी दर महिन्याला वाचते, पण श्रद्धेनं नाही. कुणाला आमराईत पांढरं लुगडं दिसतं, कुणाचे मेलेले मामा दर मंगळवारी खोकतात... मला हसू येतं. मी मिशनच्या इंग्रजी शाळेत शिकले. तिथं भुताचा विषय फक्त प्रार्थनेत निघायचा, आणि तेव्हाही आम्ही मुली घड्याळाकडेच बघत असू. त्यामुळं आज मीच तुमच्या त्या रांगेत येऊन बसते आहे, याची मला थोडी लाज वाटते. पण जे झालं ते दुपारी अडीचच्या सुमारास, एप्रिलच्या उन्हात, सोलापुरातल्या शुक्रवार पेठेत आमच्या घराच्या माडीवर झालं. आणि तिथं मी एकटी नव्हते.

माझे आजोबा वकील होते. पुढं सरकारी वकील, मग म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष, ऑनररी मॅजिस्ट्रेट, आणि शेवटी रावसाहेब. चार वर्षांपूर्वी वारले. त्यांचे थोरले चिरंजीव म्हणजे माझे नानाकाका. तेही वकील आहेत — म्हणजे सनद आहे, कोट आहे. वडील लहानपणीच गेल्यामुळं मी काकांच्या घरी वाढले, आणि कमी बोलायला शिकले. चारचौघांत माझा आवाज फुटत नाही. लिहिताना मात्र फुटतो, हे तुमच्या लक्षात येईलच.

गेल्या वर्षी वाचनालयात आजोबांचं तैलचित्र लागायचं ठरलं. पडदा कलेक्टरसाहेब सारणार होते. त्याच दिवशी ‘रावसाहेबांचे चरित्र’ प्रसिद्ध करायचं काकांनी मनावर घेतलं. आजोबांचे इंग्रजी कागद वाचायला, आणि समारंभात साहेबांपुढं इंग्रजी भाषण वाचायला, घरात एक रिकामी मुलगी होतीच.

तीन ट्रंका भरून कागद निघाले. डायऱ्या इंग्रजीत होत्या. पहिली डायरी मी हात धुऊन, अदबीनं उघडली. आठवड्याभरात ती अदब संपली. “आज सभेत बोललो. चांगले बोललो.” हे वाक्य इतक्यांदा आलं की मी मोजायचं सोडून दिलं. प्लेगमध्ये शहर ओस पडलं होतं, लोक माळावर झोपड्या घालून राहत होते, त्या आठवड्यातली नोंद अशी: “नवा कोट शिवून आला. खांदे ठीक.” काकांना ही नोंद फार आवडली. “बघ शांते, केवढं मन:स्थैर्य!” ते म्हणाले.

काकांचे मित्र प्लँचेट करतात. तिथंही आजोबा येत. काकांना जे हवं असेल नेमकं तेच बोलत, आणि जाताना चरित्राला आशीर्वाद देऊन जात. मेल्यावर माणूस इतका गुळमुळीत होत असेल तर मरण कठीणच म्हणायचं.

मोडी कागद वाचायला विष्णुपंत होते, आजोबांचे जुने कारकून, सत्तरीला आलेले. मला मोडीचं एक अक्षर येत नाही. शाळेत शिकवलं नाही, घरी कुणी बसवलं नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

त्या दिवसांत सिदव्वा नावाची एक म्हातारी धनगरीण दर बाजारच्या दिवशी येऊन आमच्या जिन्याच्या पायरीवर बसायची. तिची आई मैंदर्गीकडची, त्यामुळं बोलण्यात मधेच कानडी. शहराबाहेर एक माळ आहे. तो तिच्या बापानं तिला चोळीबांगडीसाठी म्हणून दिलेला. चुलतभावानं त्यावर खटला घातला, आजोबांनी तो तिच्या बाजूनं लढवला आणि जिंकला. इथवर चरित्रात छापण्यासारखं. पण नंतर तोच माळ आजोबांच्या नावावर चढला होता. सिदव्वाचा राजीनामा दप्तरात होता, म्हणजे जमिनीवरचा हक्क आपखुशीनं सोडल्याचा कागद. मेंढरं मात्र इतकी वर्षं तिचीच तिथं चरत होती, कुणी हटकलं नव्हतं. आता तिथं कुणीतरी कापसाची सरकी काढायचा जिनिंगचा कारखाना काढणार होतं, आणि काकांनी तिला अक्षय्यतृतीयेच्या आत माळ मोकळा करायची नोटीस दिली होती.

“मालक, मेंढरं कुटं नेऊ? तुमच्या माडीवर आनू का?” ती पायरीवरून विचारायची.

“सिदव्वा, कागद झालाय. तू राजीनामा दिलायस.”

“म्या? कवा?”

“वीस वर्षं झाली.”

“वीस वर्सं? लई सावकास चालत आला की तुमचा कागुद! वाटंत कुटं वस्तीला ऱ्हायला हुता व्हय?”

मी वर बसून तोंड दाबून हसले. काका हसले नाहीत.

चरित्रात आजोबांच्या हस्ताक्षराचा एक नमुना घालायचा होता. काकांनाही मोडी धड येत नाही. नोटिशीसाठी काढलेला तो राजीनामा टेबलावर होता, त्याच्या तळाची ओळ आणि सही आजोबांच्या हातची होती. सहीला झोकदार शेपूट होतं. “हाच घे,” काका म्हणाले. छपाईचा ब्लॉक करणाऱ्यासाठी ट्रेसिंग काढायचं काम माझ्याकडे आलं. माझा चित्रकलेचा हात बरा आहे.

खिडकीच्या काचेवर मी कागद चिकटवला, वर ट्रेसिंग पेपर, आणि शाईनं एकेक वळण गिरवत गेले. अर्थ कळत नव्हता, म्हणून काम सोपं होतं. वेलबुट्टी काढावी तसं. वाळल्यावर तपासायला पंतांकडे दिलं. त्यांनी वाचलं आणि चष्मा काढला.

“ताई, हे ‘नाही’ तुम्ही कुठून आणलंत?”

“कुठलं नाही?”

मुळात तळाची ओळ अशी होती: ‘मजकूर बाईस वाचून दाखविला.’ माझ्या ट्रेसिंगवर होती: ‘मजकूर बाईस वाचून दाखविला नाही.’

आम्ही ट्रेसिंग मुळावर ठेवलं. प्रत्येक अक्षर अक्षरावर बसलं. ‘नाही’ तेवढं कोऱ्या जागेवर पडत होतं. अगदीच कोरी नव्हे. मोडी लिहिताना आधी आडवी रेघ ओढतात आणि मग अक्षरं तिला खाली टांगतात, हे मला पंतांनी तेव्हा सांगितलं. मुळात ‘दाखविला’च्या पुढंही रेघ समासापर्यंत गेली होती, खाली काही नव्हतं.

“रावसाहेब रेघ कधी मोकळी सोडत नसत,” पंत हळू म्हणाले. “उरली तर तिरक्या रेघोट्या मारून बुजवायचे. मोकळ्या रेघेखाली कुणीही काहीही घुसडेल, म्हणायचे. आम्हां कारकुनांना त्यासाठी शिव्या घालायचे.”

मूळ कागद उन्हापुढं धरला. खाडाखोड नाही, खरवडलेलं नाही, टाकाचा वळही नाही.

काकांना कळलं तेव्हा ते वर आले. माझ्याकडे बघून पंतांना म्हणाले, “हिला शिकवलंत तुम्ही.” मग मला: “कादंबऱ्या वाचून डोकं फिरलंय. माझ्यासमोर काढ.”

काढलं. काका माझ्या खांद्याशी उभे होते, त्यांचा श्वास कानाला लागत होता. ‘दाखविला’ संपल्यावर मी टाक उचलला. तो कागदापासून वीतभर वर धरून ठेवला आणि म्हटलं, “झालं. बघितलंत?”

“बघितलं,” काका म्हणाले. “आता कुठाय तुमचं नाही?”

पंतांनी बोट ठेवलं. तिथंच होतं. शाई ओली होती.

काकांनी तो कागद फाडला. हातचलाखी, म्हणाले. कुणाची, ते सांगितलं नाही. मग या सगळ्याचा एकदाचा निकाल लावायचा म्हणून त्यांनी खाली पायरीवर बसलेल्या सिदव्वालाच वर बोलावलं. जन्मभरात त्यांनी स्वत:च्या बुद्धीनं केलेली ही एकच उपयोगी गोष्ट, आणि तीही चुकून.

“हे बघ,” मूळ कागद तिच्यापुढं नाचवत ते म्हणाले. “ही तुझी निशाणी. आता बोल.”

सिदव्वानं कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. मग पदर तोंडाला लावून हसत सुटली.

“अय्यो, मालक! ह्यो तर नांगुर हाय की!”

“तुझीच निशाणी आहे ती.”

“बाईमानूस नांगराची निशानी करतंय व्हय? आमची बांगडी असती. खटल्याच्या वक्ताला तुमच्या बाबांनी कागदावर घेतली, तवा हातातली काढून शाईत बुडवून उमटवली हुती म्या. आन मी धनगराची पोर. माज्या बापानं तरी कदी नांगुर धरला हुता का? मेंढराला जुपायचा काय?”

मला इंग्रजी शाळेत हे कुणी शिकवलं नव्हतं. ज्यांना सही येत नाही ते आपली खूण करतात. शेतकऱ्यांचा नांगर, बायकांची बांगडी. सोलापुरातल्या कुठल्याही कारकुनाला हे झोपेतही चुकायचं नाही. मी पंतांकडे बघितलं. ते बसल्या जागी लहान झाले होते.

“त्या दिवशी सकाळपासून कुळांचे कागद चालले होते,” ते म्हणाले. “नांगर काढून काढून हात त्याच वळणावर गेला. रावसाहेब म्हणाले, पंत, बाईची निशाणी करून टाका. मी केली.”

“बाई समोर होत्या?” मी विचारलं.

“नव्हत्या. कचेरीत रावसाहेबांचा कागद कुणी उलगडूनही बघत नसे, ताई. दुसऱ्या दिवशी चूक ध्यानात आली. पण सांगायचं कुणाला?”

“झालं ते झालं,” काका म्हणाले. “पंत, तुम्ही म्हातारे झाला आहात. हे या खोलीबाहेर जाणार नाही. सिदव्वा, तू खाली जा.”

सिदव्वा हलली नाही. हसणं संपलं होतं. “मालक, म्हंजी माळ जानार का ऱ्हानार, त्येवडं सांगा,” ती म्हणाली.

त्यावर मी बोलले. आवाज कापत होता, आणि बोललेही निम्मं इंग्रजीत. अर्थ असा होता की समारंभात साहेबांपुढं भाषण मी वाचणार आहे. साहेबांना मोडी येत नाही, त्यामुळं हा कागद त्यांना इंग्रजीत समजावून सांगावा लागेल. मला ते जमेल.

टेबलच बोलू लागावं तसे काका माझ्याकडे बघत राहिले. पंत उठले, दौत ओढली, आणि झालेली हकिकत लिहून खाली स्वत:च्या हातानं सही करून कागद माझ्यापुढं सरकवला.

समारंभाच्या आधी दोन दिवस माळ सिदव्वाकडे परत आला, तिच्या सांगण्यावरून तिच्या मुलाच्या नावावर चढला. काकांनी पंतांना कामावरून काढलं. सिदव्वा एका तपेलीत दूध घेऊन आली, मला म्हणाली, “यव्वा, तुजा आवाज लई बारीक हाय, पर लागतो.” आणि मी समारंभात भाषण वाचलं. त्यात आजोबांना ‘गोरगरिबांचे कैवारी’ म्हटलेलं होतं. तो शब्द मी स्पष्ट उच्चारला. सौदाच होता तो. तुमच्या वाचकांनी मला शूर समजू नये.

समारंभानंतर एका दुपारी मी त्याच खिडकीत, तोच कागद लावून, तिसरं ट्रेसिंग काढलं. पंतांच्या घरी नेऊन दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं. ‘वाचून दाखविला’, आणि पुढं मोकळी रेघ. नाही नव्हतं.

पहिलं ट्रेसिंग माझ्याकडे आहे. पंतांनी आजोबांच्या जुन्या पत्रांतले ‘नाही’ काढून त्याच्याशी ताडून पाहिले, ‘ही’ची मोडकी शेपटी तीच आहे. एका डॉक्टरांनी मला सांगितलं की मी लहानपणी मोडी पाहिलं असणार आणि ते मनात दडून बसलं असणार. असेल. पण मनात दडलेलं मोडी वीतभर वर धरलेल्या टाकातून कसं उतरतं, ते त्यांना सांगता आलं नाही. मलाही येत नाही. वर्ष होत आलं, माझ्याकडे याचं काहीही स्पष्टीकरण नाही, आणि प्लँचेटवाल्यांनी ते पाठवू नये.

काकू म्हणतात, रावसाहेबांच्या आत्म्यानं प्रायश्चित्त घेतलं, केवढं मोठं मन. तो शब्द त्यांचा होता की नव्हता, मला माहीत नाही. पण असलाच, तर माझं मत लिहून ठेवते. या माणसाला दोन अक्षरं लिहायची होती. दौत समोर होती, जागा ठेवलेली होती, पुढं सोळा-सतरा वर्षं आयुष्य होतं, आणि रोज डायरी लिहायला वेळ होता. शेवटी त्यांनी ती मेल्यावर लिहिली, तीही ज्या नातीशी कधी धड बोलले नाहीत तिच्या हातून. याला मोठं मन म्हणायची माझी तयारी नाही.