पायाची पेन्शन

पोस्ट डोंगराच्या सोंडेवर होती. माझं सेक्शन दहा जणांचं. मी हवालदार, सेक्शन कमांडर. त्या दहात दोघं जालना जिल्ह्याचे: मी कुंभार पिंपळगावचा आणि नाईक उत्तम हसनाबादचा. फौजेत हवालदाराला 'मेजर' म्हणायची रीत आहे. उत्तम ड्युटीवर मला मेजर म्हणायचा आणि चहाच्या वेळी भाऊ.

मी पुढं सुभेदार होऊन रिटायर झालो. आता रिटायरमेंट जवळ आली की जिल्ह्यातली पोरं मला फोन करतात. सवाल एकच. "साहेब, पेन्शन विकावी का ठेवावी?" म्हणजे सरकारकडून एकदम पैसा घ्यावा, का महिन्याच्या महिन्याला घेत राहावं. मी सल्ला देत नाही. सल्ला एकदा देऊन बघितलाय. उत्तमचं काय झालं ते सांगतो, पुढचं ज्याचं त्यानं बघावं.

पोस्टवरचा दिवस बांधलेला असायचा. ०४३० ला स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चात सज्ज उभं राहायचं. ०५३० ला चहा-पुरी. ०६०० ला लिंक पेट्रोल, म्हणजे शेजारच्या पोस्टच्या दिशेनं चालत जायचं, तिकडचे जवान अर्ध्या वाटेत भेटायचे, वाट साफ आहे असं एकमेकांना सांगून परत फिरायचं. १८०० ला रोल कॉल. नंबर, रँक, नाव वाचलं की माणूस 'हाजिर' म्हणतो. जो समोर नाही, त्याच्या वतीनं सेक्शन कमांडर जागा सांगतो. छुट्टी, ड्युटी, हॉस्पिटल. चौथा शब्द मला कधी लागला नव्हता.

उत्तम बडबड्या गडी. हसनाबादला त्याचं पत्र्याचं घर होतं. बायको शांता आणि वर्षाचा पोरगा अमोल, असे तिघं. "भाऊ, स्लॅब टाकीन आन् मंगच नोकरी सोडीन," हे रोज एकदा व्हायचंच. आम्ही त्याला 'स्लॅब' म्हणूनच हाक मारायचो.

त्या दिवशी आधी दोन दिवस पाऊस झाला होता. पावसात माती सरकते आणि मातीबरोबर जुने माइन, म्हणजे जमिनीत पुरलेले सुरुंग, खाली येतात. नकाशावर वाट साफ होती. आम्ही सहा जण, दहा-दहा पावलांचं अंतर ठेवून निघालो. पुढं दोघं, मग उत्तम, मग मी. पुढच्या दोघांनी जिथं पाय ठेवला तिथंच उत्तमनं ठेवला, असं मी आजही शपथेवर सांगेन. ०६५० ला स्फोट झाला.

धूर बसेपर्यंत कुणी हलायचं नाही, असा नियम आहे. मी ओरडलो, "जागेवर थांबा!"

उत्तम आडवा पडला होता. शुद्धीवर होता. म्हणाला, "मेजर, माझा बूट कुठंय?"

डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. मी त्याला सांगितलं, "बूट सापडतोय. तू माझ्याकडं बघ."

रेडिओवर बोललो. "अल्फा वन. माइन ब्लास्ट. एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"नाव नको. रँक सांग. ओव्हर."

"नाईक. पाय गेलाय. हेलिकॉप्टर पाहिजे. ओव्हर."

"खाली धुकं आहे. स्ट्रेचरनं आणा. आउट."

पट्टा आवळला, इंजेक्शन दिलं, आणि पावलापावलाला जमीन टोचून बघत त्याला खाली आणलं. दोन तास चाळीस मिनिटं लागली. सारी वाट तो बोलत होता, आणि स्लॅबचंच बोलत होता. १८०० ला रोल कॉल झाला. नाईक उत्तम. मी म्हणालो, "हॉस्पिटल." आवाज बराबर निघाला. रात्री जेवण मात्र गेलं नाही.

पुण्याला त्याला नकली पाय बसला. फौजेनं घरी पाठवलं नाही, रेजिमेंटच्या सेंटरला स्टोअरमध्ये बसून करायचं काम दिलं. वर्षाभरानं माझी बदली त्याच सेंटरला झाली, कंपनी हवालदार मेजर म्हणून. आणि तिथंच तो फॉर्म आला.

फॉर्म काय होता ते साध्या शब्दांत सांगतो. जखमी होऊनही जो नोकरीत राहतो, त्याला रिटायर झाल्यावर नोकरीची पेन्शन मिळतेच, आणि वर जखमेची वेगळी, जन्मभर. आम्ही तिला पायाची पेन्शन म्हणायचो. सरकार विचारतं, ही पायाची पेन्शन पुढं महिन्याला घेणार, का आत्ता एकरकमी घेऊन मोकळा होणार? दोन ओळी, एकीसमोर सही.

फौजेत सही कशी होते हे सिव्हिलमधल्या माणसाला समजणार नाही. क्लार्क पेन्सिलीनं फुली मारतो आणि जवान फुलीवर सही करतो. वाचत कुणी नाही. वाचणारा म्हणजे वरच्यांवर शंका घेणारा, अशी आमची समजूत. शनिवार होता, हेडक्लार्क निघायच्या घाईत होता, आणि उत्तमच्या फॉर्मवर फुली मी मारली. एकरकमी ओळीसमोर. कारण मला त्याचा स्लॅब माहीत होता. मला वाटलं, मी त्याचं भलंच करतोय.

उत्तमनं पेन हातात घेऊन विचारलं, "भाऊ, हे परत चालू व्हतं का कधी?"

मी म्हणालो, "होतं की. पंधरा वर्षांनी. सही कर, जल्दी."

आता इथं ऐका. नोकरीची पेन्शन थोडी विकली, तर पंधरा वर्षांनी ती पुन्हा पूर्ण चालू होते. हे मला माहीत होतं. पायाची विकली तर पुन्हा चालू होत नाही. हे मला माहीत नव्हतं. मी वाचलं नव्हतं. मेजर म्हणालाय म्हणजे खरंच असणार, असं समजून त्यानं सही केली.

पैसे आले, घरावर स्लॅब पडला. मी वास्तूला गेल्तो. उत्तम नकली पायावर जिना चढून गच्चीवर उभा राहिला आणि वरून ओरडला, "मेजर, पोस्ट ताब्यात!" सगळे हसले. मीही हसलो.

पुढं तो रिटायर झाला. नुसत्या नोकरीच्या पेन्शनीत भागेना, पोराचं शिक्षण होतं, म्हणून जालन्याच्या एका कारखान्याच्या गेटवर गार्ड लागला. बारा तास उभं राहायचं. खुर्चीवर बसलेला गार्ड ठेकेदाराला चालत नव्हता. शांतावहिनी म्हणायच्या, सोडा. तो म्हणायचा, "पंधरा वर्षं भरू दे. पायाची चालू झाली की घरीच बसतो बघ."

पंधरा वर्षं भरली. तो पासबुक घेऊन बँकेत गेला. मग फाइल घेऊन जिल्ह्याच्या सैनिक ऑफिसात. त्याच दुपारी मला फोन आला.

"भाऊ, ते न्हाई भेटणार म्हणे."

"कोण म्हणतं?"

"समदेच. एकदा घेतलं की संपलं म्हणे."

 मग तोच म्हणाला, "असू द्या. तुम्हाला तरी काय माहीत." आणि फोन ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तो गेटवर उभा राहत राहिला. नकली पाय घासून उरलेल्या पायाच्या खुंटाला जखम झाली. ती त्यानं दाखवली नाही, कारण डॉक्टर आराम सांगणार आणि ठेकेदार दुसरा माणूस घेणार. जखम चिघळली. ड्युटीवरच ताप भरून तो गेटपाशी कोसळला. रक्तात विष भिनलं होतं. चौथ्या दिवशी गेला. बिगुल नाही, सलामी नाही. आमच्या जुन्या कंपनीचे आम्ही चौघं होतो, आम्हीच सॅल्यूट केला. गेटवर पडलेल्याला शहीद म्हणत नाहीत.

हे सगळं मी मनात गाडून ठेवलं असतं. पण गेल्या हिवाळ्यात अमोलचा फोन आला. उत्तमचा पोरगा. बापाच्या मागं फौजेत गेला, आता तोही नाईक. डोंगरातल्या रस्त्यावर गाडी उलटली आणि डावा हात कोपरापासून कायमचा अधू झाला. फौजेनं ठेवून घेतलाय. सुट्टीवर आल्ता.

"काका, तो फॉर्म आलाय. सोमवारी द्यायचाय. आई म्हणली, तुम्हाला इचारल्याबिगर सही करायची न्हाई."

मी सकाळच्या गाडीनं हसनाबादला गेलो. तोच स्लॅब. दाराआड उत्तमचा नकली पाय उभा होता, बुटासकट. वहिनींनी पाणी दिलं. अमोलनं फॉर्म पुढं केला. एकरकमी ओळीसमोर पेन्सिलीची फुली होती.

"ही कोणी मारली?"

"क्लार्कनं. काका, एकदम घेतले तर गाडी येईल, भाड्यानं चालवता येईल. मी तर ठरवूनच बसलोय."

"घेशील तर घे. तुझा हात, तुझा हक्क. पण आधी फुली पूस. आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाच. आईला ऐकू गेलं पाहिजे."

त्यानं फुली पुसली आणि वाचायला लागला. दुसऱ्या पानावर खाली हिंदीत एक ओळ होती: एकरकमी घेतल्यावर हा लाभ पुन्हा कधीही मिळणार नाही. अमोल थांबला. त्यानं ती ओळ दोनदा वाचली.

"काका, हे तर साफ लिव्हलंय."

"होय," मी म्हणालो. "तेव्हाबी लिव्हलेलं होतं."

 अमोलनं दाराआडच्या पायाकडं पाहिलं. मग महिन्याच्या ओळीसमोर सही केली. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

मी उठलो. वहिनी दारात उभ्या होत्या.

"भाऊजी, त्यांनी तुम्हाला कधी बोल लावला न्हाई. मी लावते. रोज लावते."

"बरोबर आहे, वहिनी."

"पण पोरानं इचारावं कोणाला? ह्या फॉर्मपायी माणूस गेलेला तुमच्याबिगर दुसऱ्या कोणी बघितलाय?"

मी चपला घातल्या आणि गाडी पकडली. घरी पोचलो तेव्हा सहा वाजत आले होते. सहाला अंगणात उभं राहायची माझी सवय गेलेली नाही. बायको म्हणते, म्हाताऱ्याचं खूळ. मनातल्या मनात दहाही नावं घेतो. जे जिवंत आहेत त्यांच्यासाठी 'हाजिर' म्हणतो. नाईक उत्तम. छुट्टी म्हणवत नाही. हॉस्पिटल म्हणता येत नाही.

ड्युटी म्हणतो, आणि घरात जातो.