थरावरची ओल

सरांच्या पत्नीचा, काकूंचा फोन आला तेव्हा मी चाकणच्या कंपनीत होते. स्क्रीनवर नाव दिसलं आणि मी तो दोनदा नुसता वाजू दिला... उचलेपर्यंत तरी माझ्यापुरते सर होते. तिसऱ्यांदा उचलला. "गेले गं सकाळी," काकू म्हणाल्या. त्याला आता महिना होत आला.

हिंगमिरे सर आकुर्डीच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे; माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक. काचेवर अर्धवाहकाचा अतिशय पातळ थर चढवायचा, त्यातून वीज कशी वाहते आणि व्होल्टेज काढल्यावर ती किती वेळानं विरते, हे मोजायचं, असं आमचं काम. एका पावसाळ्यात आकडे इतके देखणे आले की आम्ही शोधनिबंध छापला. त्याच्या जोरावर सरांच्या बढतीची फाइलही हलली.

डिसेंबरच्या कोरड्या हवेत मी तोच नमुना सहज पुन्हा मोजला. वीज जेमतेम वाहत होती. निर्वात पोकळीत ठेवून, तापवून मोजला, तर तीही गेली. आम्ही थर मोजलाच नव्हता, त्याच्यावर बसलेली हवेतली ओल मोजली होती! तीन दिवस त्या नोंदींची वही पिशवीत घेऊन मी मोशी ते आकुर्डी बसनं हिंडले. वडील रिटायर व्हायला आलेले, माझी पदवी अर्ध्यावर... तोंड उघडेना.

चौथ्या दिवशी वही सरांपुढे ठेवली. त्यांनी दोन्ही आलेख शेजारी ठेवून पाहिले.

"सर, कुणाला कळणार नाही."

"त्याचीच भीती वाटतेय," ते म्हणाले. "कुणाला कळलंच नाही तर?"

त्यांनी निबंध मागे घेतला. बढती गेली ती गेलीच. स्टाफरूममध्ये लोक त्यांना टाळू लागले. आम्ही दोघांनी वर्षभर सगळे नमुने कोरडे करून नव्यानं मोजले, तेव्हा कुठे मला पदवी मिळाली.

शेवटची भेट पिंपरीच्या हॉस्पिटलात झाली. पोटात सूज आहे, एवढंच काकू त्यांना सांगत होत्या. त्या औषधं आणायला खाली गेल्या, तसा सरांनी उशीखालून रिपोर्ट काढला. "मला अक्षरं लागत नाहीत. तू वाच. घाबरून कमी सांगू नकोस."

कर्करोग यकृतात पसरल्याचं शेवटच्या ओळीत होतं. तिथे मी अडखळले. ते वाट बघत राहिले... मग मी वाचलं.

"भीती वाटतेय गं," ते म्हणाले. मी त्यांचा हात धरून बसले.

काकू आल्या, आमचे चेहरे पाहून दारातच थबकल्या.

"ये, बस," सर म्हणाले. "आता तुला एकटीला घाबरायला नको."