नानांचा खोडरबर

“आधी खोडरबर, मग अक्कल!” असं म्हणत नाना कॉम्प्युटरमधलं कार्ड उपसून काढायचे आणि त्याची सोनेरी कड शाळकरी खोडरबरानं घासायचे. हसू नका, निम्मी मशिनं तेवढ्यावरच सुरू व्हायची. नव्वदच्या दशकाच्या शेवटी धुळ्यातल्या आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये ते तंत्रज्ञ होते. मी जळगावहून आलेला नवा शिक्षक, पुस्तकं वाचून शहाणा झालेला. तुम्हीही असा माणूस पाहिला असेल, मशिनाशी दिवसभर बोलणारा आणि माणसांशी कामापुरता. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

बायको वारल्यावर नाना धुळ्यातच, देवपुरात एकटेच राहत. एका रविवारी मी त्यांच्याकडे गेलो. ते चहासाठी दूध आणायला बाहेर पडले, तेवढ्यात मी त्यांच्या मशिनावर लिनक्सचा नवा गाभा, म्हणजे कर्नल, चढवला. डिस्कवर जागा नव्हती म्हणून जुना पुसला. विचारलंसुद्धा नाही. मशीन छान सुरू झालं, पण मुकं. नव्या कर्नलला साउंड कार्ड ओळखताच येईना.

“आवाज गया का भाऊ?” नानांनी दूध हातात धरूनच विचारलं.

“गाणीच ऐकायचीत ना, नाना? टेप आहे की घरात.”

ते दूध घेऊन आत गेले.

पुढं दोन महिने ते रोज घरी जाऊन कार्ड काढत, घासत, बसवत. लॅबमध्ये मी सहज विचारायचो, “आला का आवाज?”

“ई जाई,” येईल की, असं ते म्हणायचे. खोडरबर झिजून नखाएवढा उरला होता.

एका दुपारी ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. “त्यात आमच्या मंडळींचा आवाज शे. माईक चालतो का ते बघायला भरला होता. दुसरीकडं कुठंच नाही.”

“अहो, मग फाईल फ्लॉपीवर आणायची! लॅबमध्ये दोन मिनिटांत ऐकली असती.”

“माहीत शे. पण एवढ्या पोरांसमोर तिला कशी बोलवू?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तसाच त्यांच्याबरोबर घरी गेलो. साउंड कार्ड मशिनात कुठं सापडेल ते सांगणारे आकडे जुन्या कर्नलमध्ये भरलेले होते. नव्यात भरायला मीच विसरलो होतो. कार्डात दोष कधीच नव्हता. कार्डावरच्या पिना बघून मी आकडे भरले आणि ड्रायव्हर पुन्हा चढवला. नाना खुर्चीच्या कडेला बसले होते. त्यांनीच फाईल लावली.

आधी नुसती खरखर. मग एक बाई वैतागून म्हणाली, “चहा थंडा व्हई राह्यना! उठा आते.”

बस, एवढंच.

“उठनू व, उठनू,” नाना म्हणाले आणि खरंच उठले. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि तिथंच उभे राहिले.