ल्युआनची बट आणि हर्टाबाईंचा नळ

सहाच्या बातम्यांना ल्युआन विश्नेव्स्की दिसली नाही, तर आमच्या गावात बटाटेसुद्धा शिजायचे नाहीत. सव्वीस वर्षं तीच खुर्ची. आणि सव्वीस वर्षं दर सोमवारी नदीकाठच्या हर्टाबाई ग्रूबरांचं पोस्टकार्ड. "केसांची पुन्हा वाट लावलीस. ती बट कपाळावर कशाला?" ल्युआन ही कार्डं मेकअपच्या आरशाभोवती चिकटवायची. कॅमेरावाला डेल म्हणायचा, "एकुलती एक चाहती तुझी, जप तिला!"

त्या हिवाळ्यात नदीकाठच्या ट्रेलरवस्तीत, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या वस्तीत, नळाला कॉफीच्या रंगाचं पाणी यायला लागलं. मुलंबाळं तेच पीत होती. ल्युआनने तीन आठवडे दारं ठोठावली, बाटल्या भरल्या, पाण्यात शिसं असल्याचा अहवालही मिळवला. पण संपादक अडून बसला. "नाव-चेहऱ्यानिशी बोलणारं एक माणूस आण. शुक्रवारपर्यंत. नाहीतर बातमी विसर." आणि बोलणार कोण? तोंड उघडलं की वस्तीचा मालक जागा रिकामी करायची नोटीस द्यायचा.

शुक्रवारी दुपारी चर्चच्या तळघरात ईस्टरआधीच्या उपासाचं, मटण वर्ज्य म्हणून माशांचं जेवण. अख्खी वस्ती तिथे. ल्युआन डेलला घेऊन टेबलाटेबलाशी गेली. जो तो कोबीच्या कोशिंबिरीत तोंड खुपसून बसला. घड्याळात साडेचार.

"ए पोरी, इकडे ये." हर्टाबाईंनी काटा खाली ठेवला. "तीनदा माझं दार वाजवलंस. पडद्याआडून बघत होते मी."

"मग उघडलं का नाहीत, हर्टाबाई?"

"केसांत रोलर होते. आणि भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण समोरची ती तान्ही काय पिते, ते बघवत नाही. चौऱ्याऐंशीची म्हातारी मी, मला हाकलून हाकलून कुठे हाकलतील? डेल, सुरू कर रे तुझा डबा. थांब! आधी हिची बट मागे घे."

ल्युआनने बट मागे घेतली.

सहाला बातमी लागली. ऑगस्टपर्यंत नवे पाइप आले. कुणाचंही घर हललं नाही. त्यासाठी मिळालेलं मानचिन्ह घेऊन ल्युआन थेट हर्टाबाईंकडे गेली. म्हातारीने ते दार उघडं राहावं म्हणून दाराशी टेकवलं आणि नळाखाली पेला धरला. ल्युआन उभ्याउभ्याच दोन पेले प्यायली. "थँक्यू" म्हणायला गेली, तर डोळेच वाहायला लागले.

"काजळ ओघळतंय," हर्टाबाई म्हणाल्या.

सोमवारी कार्ड आलं. "बट ठीक. लिपस्टिक भडक." ते ल्युआनने आरशाच्या ऐन मधोमध, तोंड दिसायचं तिथेच चिकटवलं. तेव्हापासून लिपस्टिक लावायला बाईसाहेब डेलच्या गाडीचा आरसा वापरतात.