माझा रिपोर्ट नॉर्मल होता

बोदवडच्या माझ्या सासरच्या गल्लीतल्या बायांनो, मी बॅग घेऊन निघाले त्या सकाळी तुम्ही आपापल्या दारात उभ्या होतात. कुणाच्या हातात झाडू होता, कुणी तोंडाला पदर लावला होता. "रूपाली, कुठं निघालीस?" असं एकीनंही विचारलं नाही. विचारायचं काय? माझ्या सासूनं, अक्कांनी, तुम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं की हिच्या रक्तात खोट आहे, हिला धड मूल होणार नाही. माझा नवरा नितीन त्या वेळी घरात दाढी करत होता. तो दारापर्यंतही आला नाही.

भुसावळला मी सुरतच्या गाडीत बसले. ती गाडी माझ्या माहेरावरून, शिंदखेड्यावरून जाते. आबा, माझे वडील, फलाटावर डबा घेऊन उभे होते. मला वाटलं, ते बॅग खाली घेतील. त्यांनी खिडकीतून डबा आत दिला आणि खाली बघत म्हणाले, "आठे उतरू नको, बेटा. लोके इचारतीन, मी काय सांगू?" गाडी सुटली. मी डबा उघडला नाही. सुरतजवळ उधन्याला मावशीच्या घरी पोचल्यावर तसाच तिच्या हातात दिला.

आता आधीचं सांगते, कारण तुम्हाला ते अर्धंच माहीत आहे. आणि तेही खोटं.

मला तिसरा महिना सुरू असताना जळगावला सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाईंनी पडदा पुन्हा पुन्हा बघितला. मग म्हणाल्या, बाळाच्या मानेमागे पाणी जास्त साठलंय, हृदयही नीट दिसत नाही. वारेचा बारीकसा तुकडा सुईनं काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत मी रोज पोटाशी बोलायचे. रिपोर्ट आला. बाळाच्या एका रंगसूत्राचा तुकडा जास्त होता, दुसऱ्याचा कमी. ते जगण्याची आशा नव्हती. गर्भपाताचा निर्णय आम्हा दोघांचा होता, सही मी केली. त्या बाळाला आठवल्याशिवाय माझा एक दिवस जात नाही.

बाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं, "कधीकधी आईबाबांपैकी एकात हे तुकडे नुसते जागा बदललेले असतात. त्या माणसाला काही होत नाही, पण मुलात उतरताना कमीजास्त होतं. हा कुणाचा गुन्हा नाही. दोघांचं रक्त तपासू, म्हणजे पुढच्या वेळी लवकर लक्ष ठेवता येईल." आम्ही एकाच दिवशी रक्त दिलं. रिपोर्ट आणायला नितीन एकटा गेला. घरी येऊन चप्पल काढता काढता म्हणाला, "माझं सगळं ठीक आहे. हिच्यात आहे."

अक्का लगेच बोलल्या, "मह्या पोराले काय धाड भरली? मले पहिलेच वाटलं होतं."

मी कागद मागितला नाही. आजही याच गोष्टीचा मला स्वतःचा राग येतो. त्यानं सांगितलं आणि मी मानलं. पुढे घटस्फोटाच्या कागदावरही तशीच खाली मान घालून सही केली, जणू मीच त्याचं काही देणं लागत होते.

उधन्यात मावशीच्या ओळखीनं मला एका सोनोग्राफी सेंटरमध्ये काम मिळालं. बायांची नावं लिहायची, फॉर्म भरायचे, "बेन, पाणी पीधुं?" म्हणत पाणी प्यालात का ते विचारायचं. गुजराती जिभेवर बसली. माझ्या माहेरची अहिराणी बोलणारी बाई आली की तिला मी उगाच जास्त वेळ बसवून घ्यायचे. तिथं एकदा डॉक्टर एका जोडप्याला तेच समजावत होते, जे मी जळगावला ऐकलं होतं. शेवटी ते म्हणाले, "ज्याचा रिपोर्ट, त्याच्या हातात. स्वतःचा कागद स्वतः बघा." माझा पेन थांबला. मी माझा कागद कधी बघितलाच नव्हता.

रजा टाकून जळगाव गाठलं. बाईंनी माझी फाइल काढली, प्रत हातात ठेवली. नॉर्मल.

"आणि त्यांचा?" मी विचारलं.

"त्यांच्या रिपोर्टबद्दल मी तुमच्याशी बोलू शकत नाही," त्या म्हणाल्या. मग माझ्या कागदावर बोट ठेवून म्हणाल्या, "तुमचा मात्र त्या दिवशीही नॉर्मलच होता."

मी रडले नाही. पहिला विचार आला तो एवढाच, की आता सगळ्यांसमोर त्याची मान खाली घालायची. तोवर त्यानं दुसरं लग्न केलं होतं. त्याच्या नव्या बायकोला, मनीषाला, दिवस गेल्याचं मावशीकडून कळलं, आणि मी संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा दिवस निवडला. तुम्ही सगळ्या एका जागी सापडणार होतात.

तुम्हाला आठवत असेल. मी आत आले तशा तुमच्या माना वळल्या. अक्का म्हणाल्या, "हिले कोनं बलावलं?" मला कुणी कुंकू लावलं नाही. मी उभ्यानंच रिपोर्ट वाचला, माझ्या नावासकट. मग आतल्या दाराशी उभ्या असलेल्या नितीनला म्हटलं, "आता तुझा आण." तो मागे वळून परसदारी गेला. तुमच्या डोळ्यांत मी जे बघितलं, त्यासाठीच मी आले होते. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

मनीषाचा मात्र मी विचारच केला नव्हता. ती वाणाचं ताट खाली ठेवून माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "ताई, मला अकरावा आठवडा आहे. ती डॉक्टरीण जळगावात कुठं बसते?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी जळगावला गेलो. नितीनला यावंच लागलं, त्याचा रिपोर्ट त्याच्या परवानगीशिवाय उघडता येत नव्हता आणि मनीषानं त्याच्याशिवाय आत जायला नकार दिला. मी बाहेर बाकावर बसले होते. दार उघडून मनीषा आली आणि म्हणाली, "ह्यांच्यातच आहे, ताई. ह्यांना तेव्हापासून माहीत होतं." तो तिच्या मागे भिंतीला टेकून उभा होता. मी त्याच्याकडे पोटभर बघून घेतलं.

तिचीही वारेची तपासणी झाली. रिपोर्टची वाट बघताना एकदा माझ्या मनात आलं, वाईट निघू दे, म्हणजे त्याला कळेल. हे मी मनीषालाही सांगितलं आहे. ती म्हणाली, "तरी तुम्ही आला नसतात, तर मला कुणीच सांगितलं नसतं."

बाळ चांगलं निघालं. मुलगी झाली. बारशाला अक्कांनी मनीषाच्या फोनवरून मला बोलावलं. "झालं गेलं इसर, ये," म्हणाल्या. मी विचारलं, नितीननं गल्लीत सांगितलं का, की तो खोटं बोलला? अक्कांनी फोन बंद केला. मी गेले नाही.

आबाही आता म्हणतात, घरी ये. त्यांच्याकडे जाते, जेवते, संध्याकाळच्या गाडीनं परतते. उधन्यात माझी भाड्याची दीड खोली आहे. शेजारीण अमळनेरची, समोरचे ओडिशाचे. तिथं मला कुणी मुलाबाळांचं विचारत नाही, विचारलंच तर मी खरं सांगते आणि पुढं पोळ्या लाटत राहते. घर म्हणून मला आता तीच जागा आठवते.

बायांनो, डॉक्टरीणबाई म्हणाल्या ते खरं आहे, रक्तातला दोष हा कुणाचा गुन्हा नाही. म्हणून त्याला त्याच्या रक्तावरून बोलू नका. तो दारावरून जाईल तेव्हा एवढंच विचारा, "रूपालीचा रिपोर्ट काय आला होता?" रोज विचारा. त्यानं एकदा तोंडानं सांगितलं की मला कळवा. मी अजून माफ केलेलं नाही.