बडीशेपेची डबी

फोन सकाळी आला. सातपूरच्या बसथांब्यासमोर चहाची टपरी चालवणारे काका बोलत होते. "ताई, भावाला घेऊन जा तुमच्या. आज सकाळीच लय झालेली दिसती. मघापासून आडवे पडलेत." मी पोहोचले तेव्हा पहिल्या पाळीचे कामगार दादाला वळसा घालून बसमध्ये चढत होते. त्याची एक चप्पल कोणीतरी बाजूला सरकवली होती, पायात येऊ नये म्हणून. तेवढीच काय ती माणुसकी. मी हात धरला तर तो गार पडत चाललेला... दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. थोडं आधी आणलं असतं तर कदाचित वाचले असते, असं डॉक्टर म्हणाले. ते 'कदाचित' अजून माझ्या घशातून खाली उतरलेलं नाही.

माझा दादा बॉक्सिंगमधला राज्याचा चॅम्पियन होता आणि त्यानं आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही. हे वाक्य त्याच्या मागे मला छापून सांगावं लागतंय, याचाच मला संताप येतो.

आमची दिंडोरीजवळ द्राक्षबाग. स्पर्धा जवळ आली की दादाला वजन उतरवावं लागे. शेडमध्ये द्राक्षांचे क्रेट मोजायचा काटा होता, त्यावर तो अनवाणी उभा राही. वडील ओरडत, "माल मोजायचा सोडून सोताला काय मोजतो रे?" दादा हसायचा आणि श्वास रोखून काट्याकडे बघत राहायचा. घरात सगळे जेवायला बसले की हा ओट्यावर जाऊन बसे. त्याची ती उपासमार आईला बघवत नसे. तिनंच त्याला पितळेची एक छोटी डबी भरून दिली, बडीशेपेची. भूक लागली की चिमूटभर चघळायची. पुढं ती डबी त्याच्या खिशातून कधी गेलीच नाही. चॅम्पियन झाला तेव्हा गावानं त्याला उघड्या जीपमधून मिरवलं, आणि त्या फोटोतही त्याचा एक गाल फुगलेला आहे. सगळ्यांना वाटतं पेढा असेल...

खेळाडू म्हणून त्याला सातपूरच्या एका कारखान्यात नोकरी लागली. सत्कार होत राहिले, कपाट शालींनी भरलं. रिंग सुटल्यावर काही वर्षांनी त्याची जीभ जड झाली, चाल तिरकी झाली, चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरावा लागू लागला. डोक्यावर वर्षानुवर्षं बसलेल्या ठोशांचा हा परिणाम आहे, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पण डॉक्टरांचं ऐकतो कोण? माणूस झोकांड्या खातोय, बोबडं बोलतोय आणि वर सकाळी सकाळी तोंडाला बडीशेपेचा वास! आपल्याकडे सकाळी बडीशेप कोण चघळतं आणि कशाचा वास लपवायला, हे सगळ्यांना ठाऊक. कारखान्यानं 'कामावर पिऊन येतो' म्हणून त्याला घरी बसवलं. त्याच्या ठोशांवर टाळ्या पिटणाऱ्यांपैकी एकानंही तोंड उघडलं नाही.

एकदा मी म्हटलं, "दादा, ती डबी सोडून दे ना. लोकांना निमित्त मिळतं."

"आईनं दिलीय," तो सावकाश म्हणाला. "मी का सोडू? मी काय केलंय?"

मात्र त्यानंतर त्याला एक सवय लागली. माझ्या दारात आला की आधी वाकून माझ्या तोंडासमोर फुंकर मारायचा. "घे, वास घे." मग चप्पल काढायचा. मी कितीदा सांगितलं की माझ्याकडे याची गरज नाही. तो कंडक्टरपुढं वाके, वॉचमनपुढं वाके. रिंगमध्ये ज्यानं कधी मान खाली घातली नाही, तो माणूस या शहरात दारोदार स्वतःचा वास देत फिरला.

शोकसभा झाली. मोठा फलक, मोठा हार. एक पुढारी म्हणाले, "व्यसनानं आपला एक हिरा हिरावून नेला." मी उठून माईकपाशी गेले आणि डबी उघडून त्यांच्या नाकाखाली धरली. "ताई, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो," ते कुजबुजले. मी म्हटलं, "भावना राहू द्या. वास घ्या." सभा लवकर आटोपली.

डबी आता माझ्या पर्समध्ये असते. शाळेत शिकवायला जाताना मी मुद्दाम त्याच थांब्यावर उतरते आणि टपरीसमोर उभी राहते. चहा घेत नाही. डबी उघडून काकांपुढं धरते. ते माझ्याकडे न बघता चिमूट उचलतात आणि तोंडात टाकतात. पहिल्या दिवशी एवढंच म्हणाले होते, "ताई, मला वाटलं..." परवा म्हणाले, "आता दिवसभर तोंडातनं ह्यो वास जात नाय."

मी म्हटलं, "जाऊ देऊ नका."