वाट न बघणारा जंतू

डिचोलीहून पणजीला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये एक जंतू-संशोधक माझ्या शेजारी बसायचा. पाळी गावातल्या गॅरेजांमागची, ट्रकांच्या तेलाने काळी झालेली माती तो पेपरमिंटच्या डब्यातून प्रयोगशाळेत न्यायचा. मी एकदा गोळी समजून त्यात बोटं घातली होती. बसमध्ये मराठी-कोकणीवरून भांडण जुंपलं, तरी तो आपला जंतूंबद्दलच बोलायचा.

त्या मातीतले जंतू तेल खाता यावं म्हणून स्वतःच साबण तयार करतात. "पूण एकटो आसल्यार कायच करिना," तो सांगायचा. "एकट्याचा साबण वाहून फुकट जाणार. म्हणून आधी शेजारी किती आहेत ते हुंगतो. गर्दी जमली की मगच त्याचं साबणाचं जनुक चालू. अगदी आमच्या वाड्यावरची माणसं."

त्याच्या एका काचथाळीत मात्र बिघडलेल्या जनुकाचा एक खुळा जंतू निघाला होता. तो कुणाचीच वाट न बघता साबण काढत सुटे. "पिसो आसा तो, पिसो," हा चिडून म्हणायचा.

एकदा सर्वणजवळ बस बंद पडली. "सगळे देंवा, मातसो धक्को मारा," कंडक्टर खाली उतरायची खूण करत म्हणाला. प्रत्येकाने आधी शेजाऱ्याकडे पाहिलं आणि मग बाहेरच्या शेतात लक्ष घातलं. मीही घातलं.

डबा माझ्या मांडीवर ठेवून तो एकटाच उतरला. मागच्या काचेतून दिसला तेव्हा चष्मा नाकाच्या टोकावर आला होता आणि बस तसूभरही हलली नव्हती.

"पिसो आसा," मागच्या सीटवरचे आजोबा म्हणाले, आणि धोतर सावरत उतरले. मग आम्ही सगळेच उतरलो.